उल्हास खोऱ्यात विजेसाठी उद्या किती पाणी लागेल? पहिल्यांदाच अंदाज बांधणाऱ्यांसाठी

नदीखोऱ्याच्या आराखड्यात 'ऊर्जा' नावाचा एक रकाना असतो. पिण्याचं, शेतीचं, उद्योगाचं पाणी मोजून झालं की शेवटी तो रकाना कुणा नव्या माणसाच्या माथी येतो. माझ्याकडे तो असाच आला. ठाण्यात राहून उल्हास खोऱ्याचं हे काम करताना पहिले चार महिने मी चुकीची बेरीज करत होते, आणि ती चूक दाखवून देणारी रीतसर पुस्तिका कुठे सापडली नाही. तुमचे चार महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं उल्हास आणि शेजारच्या पाताळगंगेची आहेत, पण रीत कुठल्याही खोऱ्याला लागू पडेल.

आकडेमोडीसाठी साधी एक्सेल पुरते. कठीण भाग आहे तो कुठलं पाणी कुणाच्या नावावर मांडायचं हे ठरवण्याचा.

१. आधी हद्द आखा, जिल्हा विसरा

उल्हास राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणपर्यंत येते. वाटेत पेज, पोशीर, बारवी मिळतात, पुढे काळू आणि भातसा. सगळं मिळून सुमारे ४,६०० चौरस किलोमीटरचं खोरं. त्यातला कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात, शहापूर-मुरबाड ठाण्यात. म्हणजे जिल्हानिहाय आकडे जसेच्या तसे उचलून चालत नाही. तालुका, शक्य तिथे गाव, या पातळीवर उतरून आपल्याला हवे तेवढेच घ्यायचे.

इथला पहिला सापळा: २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर दिसते, पण तो पालघर वेगळा होण्याआधीचा, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा जिल्हा आहे. वसई, डहाणू, जव्हार त्यात आहेत. विजेची मागणी दरडोई काढायला गेलात आणि हा आकडा वापरलात, तर पहिल्याच पायरीवर पाय घसरला.

नवी मुंबईचंही नीट बघा. शहर ठाणे जिल्ह्यात आहे, पण महापालिकेचं मोरबे धरण धावरी नदीवर, पाताळगंगेच्या खोऱ्यात. म्हणून ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरला लागणारं पाणी उल्हासच्या तक्त्यात टाकण्याआधी ते नळाने नक्की कुठून येतं ते विचारा. आणि डेटा सेंटर हे वीज वापरणारं गिऱ्हाईक आहे, वीज बनवणारं नाही. त्याचं शीतकरणाचं पाणी 'उद्योग' सदरात मोजलेलं असेल तर 'ऊर्जा' सदरात पुन्हा धरू नका.

कल्याणच्या खाली नदीची खाडी होते, भरतीचं पाणी चढतं. तिथून पुढचं पाणी गोड्या पाण्याच्या ताळेबंदात नको.

२. दोन रकाने करा: 'उचललेलं' आणि 'संपलेलं'

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं ठेवा.

वीजकेंद्र नदीतून जे पाणी घेतं ते उचललेलं पाणी. त्यातलं जे वाफ होऊन जातं, राखेबरोबर जातं, म्हणजे खोऱ्याला परत मिळत नाही, ते संपलेलं पाणी. कूलिंग टॉवर असलेल्या केंद्रात उचललेल्यापैकी बरंचसं संपतं. टॉवर नसलेल्या, एकदा पाणी फिरवून परत सोडणाऱ्या केंद्रात एका मेगावॉट-तासाला शंभर घनमीटरच्याही वर उचललं जातं, पण त्यातलं संपतं अगदी थोडं. आणि जलविद्युत केंद्रात? टर्बाइनमधून गेलेलं सगळंच्या सगळं पाणी खाली बाहेर पडतं.

भातसा घ्या. धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. तेच पाणी पुढे नदीतून वाहत पिसे बंधाऱ्याला येतं आणि तिथे मुंबईसाठी उचललं जातं. मी पहिल्या मसुद्यात हे पाणी एकदा 'ऊर्जा' म्हणून आणि एकदा 'पिण्याचं' म्हणून धरलं होतं. कागदावर खोरं तुटीचं दिसायला लागलं. तूट खरी नव्हती, माझ्या दोन ओळींची होती.

३. कागद आणि आकडे कुठून आणायचे

हे सगळं एकदम मिळणार नाही. पत्रं आधी टाकून ठेवा आणि बाकीचं काम सुरू करा.

- सरिता मापन केंद्रांचे रोजचे विसर्ग आणि पर्जन्यमानाच्या नोंदी: जलसंपदा विभागाचा जलविज्ञान प्रकल्प (नाशिक) आणि केंद्रीय जल आयोग. निदान तीस वर्षांच्या मागा.
- धरणांचे महिनावार साठे आणि सोडलेलं पाणी: धरण ज्याचं त्याच्याकडे. भातसा जलसंपदाचं, बारवी एमआयडीसीचं, मोरबे नवी मुंबई महापालिकेचं.
- बिगर सिंचन पाणी आरक्षणाचे मंजुरी आदेश आणि प्रत्यक्ष उचलीच्या नोंदी. दोन्ही मागा, एकाने भागत नाही.
- विजेच्या मागणीचा अंदाज: केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचं विसावं विद्युत सर्वेक्षण आणि २०२३ ची राष्ट्रीय विद्युत योजना.
- येऊ घातलेल्या प्रकल्पांचे पर्यावरण मंजुरीचे अर्ज: परिवेश पोर्टलवर. प्रकल्पाला किती पाणी, कुठून, हे त्यात लिहावंच लागतं.
- कृष्णा पाणी तंटा लवादाचा निवाडा. उल्हासच्या कामात कृष्णेचं काय, ते पाचव्या पायरीत.

एककांचा एक छोटा तक्ता भिंतीवर चिकटवा: १ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). वर्षाला १ दलघमी म्हणजे रोज २.७४ दशलक्ष लिटर. १ घनमीटर प्रति सेकंद दिवसभर वाहिला तर ८६.४ दशलक्ष लिटर. जुन्या फायलींत दशलक्ष घनफूट असतात, नव्यांत दशलक्ष घनमीटर, आणि इंग्रजी लघुरूपात फरक एखाद्या अक्षराचा. चूक झाली तर आकडा पस्तीस पटींनी बदलतो. मोरबेचा १९०.८९ हा साठा दशलक्ष घनमीटर आहे, हे मनात पक्कं असेल तर बाकीचे आकडे त्याच्याशी ताडून बघता येतात.

४. प्रकल्पांची यादी पाण्याच्या प्रकारानुसार लावा, मग गुणाकार

मेगावॉटनुसार यादी करण्याचा मोह होतो. तसं करू नका. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र खाडीचं खारं पाणी शीतकरणाला वापरतं, त्यामुळे त्याच्या मेगावॉटचा गोड्या पाण्याशी तसा संबंध जोडता येत नाही. उरणचं वायू विद्युत केंद्र ६७२ मेगावॉटचं आहे, पण गॅस पुरेसा मिळत नसल्याने ते अनेकदा क्षमतेपेक्षा कमी चालतं. म्हणून प्रत्येक प्रकल्पापुढे चार गोष्टी लिहा: इंधन, शीतकरणाची पद्धत, पाण्याचा स्रोत, आणि वर्षात प्रत्यक्ष किती वीज बनते.

दर कुठला धरायचा? कोळशासाठी कायद्याची मर्यादाच आधाराला घ्या. पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटरची मर्यादा घातली. १ जानेवारी २०१७ नंतरच्या केंद्रांसाठी ती आधी २.५ होती, २०१८ मध्ये ३ केली गेली, आणि समुद्राचं पाणी वापरणाऱ्यांना सूट मिळाली. वायूच्या संयुक्त चक्र केंद्राला टॉवर असेल तर साधारण १ घनमीटर धरून चालतं. सौरऊर्जेला काचा धुण्यापुरतं, ०.१ च्या आसपास.

आता एक काल्पनिक उदाहरण. ५०० मेगावॉटचं वायू केंद्र, वर्षभरात ६० टक्के भारावर:

५०० × ८,७६० × ०.६० = २६,२८,००० मेगावॉट-तास. गुणिले १ घनमीटर, म्हणजे २.६३ दलघमी. रोजचं सरासरी ७.२ दशलक्ष लिटर.

तेच केंद्र कोळशाचं, दर ३ घनमीटर धरला तर ७.८८ दलघमी, रोजचे २१.६ दशलक्ष लिटर.

इथे थांबू नका. ६० टक्के ही वर्षाची सरासरी आहे. मे महिन्यात पंखे, एसी सगळे चालू असताना केंद्र पूर्ण भाराने चालेल. त्या दिवशी वायू केंद्राला १२ आणि कोळशाच्या केंद्राला ३६ दशलक्ष लिटर लागतील. पाण्याची वाहिनी आणि आरक्षण या आकड्यावर ठरतं, सरासरीवर नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत नदी सर्वांत बारीक असते.

हरित हायड्रोजनची चौकशी अलीकडे वाढली आहे. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्रानुसार ९ लिटर शुद्ध पाणी लागतं. कच्चं पाणी शुद्ध करताना जाणारं आणि थंडाव्याचं धरलं तर मी २० लिटर धरते, आणि ते माझं गृहीतक आहे असं तक्त्यात लिहून ठेवते. वर्षाला एक लाख टनांचा कारखाना आला तर २ दलघमी. शहराच्या मानाने फार नाही. पण मुरबाडच्या एखाद्या छोट्या ओढ्यावरच्या योजनेतून ते मागितलं गेलं तर तिथल्या पाड्यांच्या मुळावर येणारी ती मागणी असेल. म्हणून प्रत्येक आकड्याला जागा जोडलेली हवी.

५. अवजल: उल्हासचं खरं गणित इथे आहे

बहुतेक मार्गदर्शनं 'ऊर्जेला किती पाणी लागेल' एवढंच विचारतात. उल्हासमध्ये उलटा प्रश्न आधी विचारावा लागतो: ऊर्जेमुळे खोऱ्यात किती पाणी येतं?

मावळातली आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. तिच्यावर ठोकरवाडीचं धरण बांधून पाणी घाटाच्या कड्यावरून पश्चिमेला खाली आणलं आणि १९२२ मध्ये भिवपुरीला वीजनिर्मिती सुरू झाली. टर्बाइनमधून बाहेर पडलेलं ते अवजल पेजमध्ये आणि तिथून उल्हासमध्ये येतं. खोपोलीचं केंद्र त्याहून जुनं, १९१५ चं. त्याचं अवजल पाताळगंगेला. मुळशीच्या पाण्यावरचं भिरा १९२७ चं, ते कुंडलिकेला. पूर्वेला जाणारं पाणी शंभर वर्षं पश्चिमेला उतरतं आहे आणि त्या भरवशावर बदलापूरपासून खालची शहरं वाढली आहेत. पावसाळा सरल्यावर उल्हासला जे पाणी दिसतं, त्यात या अवजलाचा वाटा मोठा आहे. बदलापूरच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्यात उभं राहिलात तर ते कळतं.

म्हणून अवजल 'ऊर्जेचा वापर' म्हणून कधीच धरू नका. ते उल्हासच्या ताळेबंदात आवक म्हणून येतं. पण त्यापुढे तीन प्रश्न लिहावे लागतात.

पहिला, हक्काचा. कृष्णा लवादाच्या निवाड्याने टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली आहे: एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसी. ही मर्यादा सगळ्या केंद्रांची मिळून आहे, एकट्या भिवपुरीची नाही. शिवाय हे पाणी भीमा खोऱ्यात दुष्काळी भागाला परत द्या, ही पूर्वेकडची मागणी जुनी आहे आणि ती अन्याय्य आहे असं मला वाटत नाही. म्हणून २०५० च्या अंदाजात 'अवजल आहे तसंच', 'अवजल निम्मं' आणि 'अवजल नाही' अशी तिन्ही चित्रं मांडा. घाटावरचे तुमची मर्जी विचारायला येणार नाहीत, पण खालच्या शहरांना निदान आधी कळलेलं बरं.

दुसरा, वेळेचा. वीज संध्याकाळी लागते म्हणून टर्बाइन संध्याकाळी फिरतात. पाणी त्या वेळी सुटतं आणि काही तासांनी खालच्या उद्भवाला, म्हणजे शहरं पाणी उचलतात तिथे, पोचतं. निर्मिती बंद तर आवक बंद. वर्षाच्या बेरजेत हे दिसत नाही. शक्य असेल तिथे तासावार, निदान दिवसावार निर्मितीच्या नोंदी मिळवा.

तिसरा, उदंचन प्रकल्पांचा. पाणी वर चढवून साठवायचं आणि गरजेला खाली सोडायचं, असे उदंचन जलविद्युत प्रकल्प आता सह्याद्रीभर प्रस्तावित आहेत. भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॉटच्या प्रकल्पांचे सामंजस्य करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. यांचा हिशोब निराळा. समजा १,००० मेगावॉट, सहा तास, ५०० मीटर उंची, ९० टक्के कार्यक्षमता. सहा हजार मेगावॉट-तासांसाठी साधारण ४.९ दलघमी पाणी वर-खाली फिरत राहील. हे एकदाच भरायचं. दरवर्षी लागेल ते फक्त बाष्पीभवन आणि झिरप्याची भरपाई. दोन्ही जलाशयांचा पसारा मिळून एक चौरस किलोमीटर आणि वर्षाचं बाष्पीभवन दीड मीटर धरलं तर १.५ दलघमी.

'फिरतं पाणी आहे, खर्च नाही' असं प्रकल्पवाले सांगतात आणि ते बरंचसं बरोबरही आहे. पण विचारा: पहिली भरणी कुठल्या महिन्यात? पावसाळ्यात की जानेवारीत? आणि आज रोज नदीत येणारं अवजल खालच्या नव्या जलाशयात अडून पुन्हा वर जाणार असेल, तर पेजमध्ये रोज किती सोडण्याची हमी आहे? हे उत्तर लेखी मिळेपर्यंत तुमच्या तक्त्यात ती ओळ पिवळी ठेवा.

६. वर्ष फोडून बारा महिने करा

जलवर्ष १ जून ते ३१ मे. इथला जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटीने काढावं लागलं. त्या एका दिवसात नदीतून जे वाहून गेलं ते वार्षिक सरासरी फुगवतं, पण साठवायला जागा नसेल तर त्याचा मे महिन्यातल्या वीजकेंद्राला थेंबभरही उपयोग नाही.

विश्वासार्हता, म्हणजे शंभरातल्या किती वर्षी तेवढं पाणी मिळेल ते, अशी काढा: तीस वर्षांचे येवे (नदीत आलेलं पाणी) मोठ्याकडून लहानाकडे लावा. क्रमांक भागिले एकतीस. ७५ टक्क्यांचा येवा साधारण तेविसाव्या क्रमांकावर येतो, ९० टक्क्यांचा अठ्ठाविसाव्या. सिंचनाला ७५ टक्के चालतात. जलविद्युतसाठी ९० धरतात. औष्णिक केंद्राला मी ९० च्या खाली जात नाही, कारण शेत एक हंगाम पडीक राहू शकतं, वीजकेंद्र बंद पडलं तर पाणी उपसणारे पंपही बंद पडतात. हे वर्षाला नाही, प्रत्येक महिन्याला करा. मार्च ते मे हे तीन महिने तर अगदी आठवड्यावर.

७. उद्याची चित्रं

पायाभूत वर्ष एक ठरवा आणि २०३०, २०४०, २०५० साठी कमी, मध्यम, जास्त अशी तीन चित्रं करा. इथे फार अक्कल लढवू नका. विजेची मागणी वाढली म्हणून याच खोऱ्यात केंद्र उभं राहील असं नसतं. ठाण्याची वीज चंद्रपुराहूनही येते, तिथला पाण्याचा भार तिथल्या खोऱ्यावर पडतो. तुमच्या हद्दीत काय उभं राहणार, काय बंद होणार, एवढंच धरा. बंद होणं विसरतात. ठाकुर्लीचं रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस एके काळी या भागाची ओळख होती, आज ते नाही.

सांडपाणी मात्र नक्की धरा. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणानुसार मलनिस्सारण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणं बंधनकारक आहे. ठाणे-कल्याण-नवी मुंबई पट्ट्यात ५० किलोमीटरचं वर्तुळ काढा, त्याच्या बाहेर फार थोडी जागा उरते. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोलीला प्रत्येकी २० दशलक्ष लिटरची तृतीय स्तर प्रक्रिया केंद्रं उद्योगांसाठी उभी राहिलीच आहेत. वरच्या उदाहरणातल्या वायू केंद्राची शिखर गरज १२ होती. यातलं एक केंद्रही ती भागवू शकतं. नव्या औष्णिक प्रकल्पापुढे 'स्रोत: नदी' लिहिण्याआधी हे पडताळा. ज्या नदीवर इतकी माणसं पिण्यासाठी अवलंबून आहेत तिथे ही पडताळणी टाळणं मला चुकीचं वाटतं.

८. बाकीचे वाटेकरी

उरलेल्या पाण्यातून मागणी वजा करताना आरक्षण धरायचं की प्रत्यक्ष वापर? दोन्ही, वेगवेगळ्या रकान्यांत. मंजूर कोटा कमी आणि उचल जास्त, किंवा कोटा मंजूर पण योजनाच नाही, असं दोन्ही आढळतं. एका ठिकाणी मला मिळालेल्या मंजुरीच्या यादीत एकच आरक्षण दोन आदेशांमुळे दोनदा होतं. आदेश क्रमांक आणि तारीख जुळवल्याशिवाय बेरीज करू नका. नदीत वाहतं ठेवायचं किमान पाणी हाही वाटेकरीच, त्याची ओळ सर्वांत वर घ्या. तळाला ठेवलीत की ती उरलीसुरली होते.

९. तक्ता बंद करण्याआधी

एक दिवस काढून नदीकाठाने जा, शक्यतो एप्रिल-मे महिन्यात. भिवपुरीच्या खाली पेज, मग बदलापूरचा बंधारा, जांभूळ, शहाड, मोहने. जलपर्णी कुठे साचली आहे, वालधुनीचं काळं पाणी कुठे मिसळतं, ते बघा, कारण पाणी असून न वापरता येणं हीसुद्धा तूटच. पंपघरातल्या माणसांशी बोला. वरून पाणी किती वाजता चढतं, कुठल्या दिवशी चढत नाही, २०१६ च्या उन्हाळ्यात कपातीच्या दिवसांत पातळी कुठवर गेली होती, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचं सांगणं आणि तुमच्या मे महिन्याच्या ओळीतला आकडा जुळत नसेल, तर पाचव्या पायरीवर परत जा. बहुतेक वेळा अवजलाच्या रकान्यातच काहीतरी राहिलेलं असतं.